रबरातली माती आणि साडूंवरचा आळ

चूक म्हणाल तर एवढीशी होती. पंखा बंद करायचा राहिला.

ऑक्टोबरचा उकाडा. रबर रगडायच्या दोन रोलच्या मिलशेजारी उभं राहिलं की सदरा पाठीला चिकटतो, म्हणून भिंतीशी मोठा उभा पंखा सुरू होता. त्या पंख्यापुढे मी नव्या मातीची पिशवी फोडली. कुंभाराची माती नव्हे. मैद्याहून बारीक, पांढुरकी, जाड कागदी पिशवीत मोठ्या इतमामाने आलेली. आत कसा वास येतो ते बघायला मी वाकलो, आणि दुसऱ्या क्षणी पाव पिशवी हवेत होती. हवेतून ती जिथे जाऊन बसली तिथे माझे साडू उभे होते.

त्यांनी आदल्याच दिवशी केस काळे केले होते. का केले, ते कारखान्यातल्या सगळ्या शॉपला ठाऊक होतं. दिवाळीनंतर त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती, आणि आणखी दोन वर्षं ठेवायचं की हार घालून घरी पाठवायचं, हे मालक ठरवणार होते. काळ्या केसांनी वय लपत नाही, पण माणूस आपल्या परीने तयारी करतो. ती तयारी मी भुवयांसकट पांढरी करून टाकली. साच्यांच्या प्रेसवरचे लोक हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. पंख्याची चूक एकवेळ पोटात घालता आली असती, हसण्याची नाही.

साडूंनी चेहरासुद्धा पुसला नाही. माझ्याकडे बघत म्हणाले, "झालं समाधान, साहेब?"

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदगावची ती सासुरवाडी आधी त्यांची, मग माझी. त्यांनी तिथे शब्द टाकला म्हणून माझं लग्न जमलं, आणि अंबडच्या या रबराच्या कारखान्यात त्यांनीच मला चिकटवलं. तेव्हा ते मिलवर होते आणि मी बेकार होतो. पुढे माझा डिप्लोमा कामी आला आणि मी त्यांचा वरिष्ठ झालो. ते मिलवरच राहिले. घरी ते मला पाहुणे म्हणत. शॉपमध्ये काहीच म्हणत नसत, नुसतं "ओ" म्हणायचे. साहेब म्हणाले, की समजायचं आज बिनसलंय. त्या दिवसापासून रोज साहेब सुरू झालं.

आमचा कारखाना फवारणीच्या पंपांचे रबरी पडदे करतो. पंप चालला की हा पडदा मिनिटाला शेकडो वेळा वरखाली होतो. एका बाजूला औषधाचं पाणी, दुसऱ्या बाजूला तेल. साधं रबर तेलाने फुगतं, मग चिरतं. आणि ते हमखास छाटणीनंतर, द्राक्षाला फवारणीची घाई असते तेव्हाच. मागच्या हंगामात दिंडोरीकडच्या एका बागायतदाराने मालकांना फोन करून आईपासून सुरुवात केली होती. प्लॉट डावणी रोगाने गेला तर सडके घड ट्रॅक्टरमध्ये भरून तुमच्या गेटवर ओतीन, असा शेवट केला होता. मालकांनी तो फोन स्पीकरवर लावून आम्हा सगळ्यांना ऐकवला. त्यातूनच ही माती आली.

मातीचं नाव काढलं तेव्हाच साडूंचं डोकं फिरलं होतं. आमच्या धंद्यात रबरात माती घालणं म्हणजे दुधात पाणी. स्वस्तातली पायपुसणी करणारे घालतात, रबर वाचवायला. साडू म्हणाले की आयुष्यभर ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्याच पंगतीला आता बसायचं का. मी फळ्यावर आकृती काढून समजावलं. या मातीचा प्रत्येक कण म्हणजे पापुद्र्यांची गड्डी असते. गड्डी सुटली आणि एकेक पापुद्रा रबरात वेगळा पसरला, तर चिमूटभर मातीने रबर चिवट होतं, आणि आत शिरणाऱ्या तेलाला प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालत जावं लागतं. गड्डी नाही सुटली तर मात्र ती नुसती माती, आणि पडदा नेमका तिथूनच फाटणार.

आता रबर आणि माती यांचं आपसात जमत नाही. त्यांचं जमवायला तिसरा पदार्थ लागतो, कम्पॅटिबिलायझर. तोही मुळात रबरच, पण रासायनिक प्रक्रिया करून असा केलेला की त्याचं रबराशीही पटतं आणि मातीशीही. तो शब्द शॉपमध्ये कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून मी म्हणालो, मध्यस्थ समजा.

"मध्यस्थाचं मला नका सांगू, साहेब," साडू म्हणाले. "येकदा केली हाय मध्यस्थी. अजून फेडतोय."

लोक पुन्हा हसले. या वेळी मी हसलो नाही.

पंख्याचं प्रकरण झालं त्या दुपारी मी वजनाची खोली स्वतः पुसून काढली. मनातून ओशाळलो होतो, पण तसं तोंडाने म्हणायचं नव्हतं, म्हणून फडकं हातात घेतलं. या खोलीत मी किरकोळ मालाची वजनं करून देतो. गंधक, काजळी, इतर पावडरी, आणि आता मध्यस्थ. मध्यस्थाचे मी तुकडे करून स्टीलच्या डब्यात ठेवले होते. शेजारी तसाच डबा, त्यात रोजच्या रबराचे तुकडे, तपासणीसाठी. काटा, फळ्या, डबे, झाकणं, सगळं लख्ख केलं. बायकोने पाहिलं असतं तर घरीही करायला लावलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिली बॅच. मी तोलून दिलेले तुकडे साडूंनी मिलवर टाकण्याआधी हातात घेतले, नाकाशी नेले, नखाने दाबले. ही त्यांची जुनी रीत. रोजचं रबर धुरावर वाळवलेल्या शीटांचं असतं, त्याला शेकोटीसारखा वास येतो.

"याला धुराचा वास येतोय," ते म्हणाले. "आपलं रोजचंच दिसतंय हे."

मी म्हणालो की वास घेऊन रबर ओळखायचे दिवस गेले, वजन करून दिलंय ते टाका. त्यांनी टाकलं.

बॅच नासली. शीट उजेडात धरली तर आत पांढरे ठिपके, भिजत न घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखे. पडदे तपासणीच्या पंपावर चढवले, तासाभरात फाटले. दुसरी बॅच तशीच. तिसरीही तशीच. दर वेळी साडू शीट कापून माझ्या टेबलावर आणून टाकत आणि काही न बोलता जात. त्यांच्या त्या न बोलण्यात मला आनंद दिसू लागला. मातीला त्यांचा पहिल्यापासून विरोध, केसांचा राग ताजा, आणि मिलच्या दोन रोलमधली फट कमीजास्त करणं त्यांच्या हातात. फट मोठी ठेवली की माल नीट रगडला जात नाही आणि गड्ड्या सुटत नाहीत. मी दोनात दोन मिळवले आणि पाच काढले.

तिसरी बॅच फाटली त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायला पाचेक मिनिटं होती. लोक हात पुसत, डबे काढत होते. मी मिलपाशी जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "तुम्ही फट मुद्दाम मोठी ठेवता. ही बॅच चांगली निघावी असं तुमच्या मनातच नाही."

साडूंनी मिल थांबवली. हातातली सुरी पाटीवर ठेवली. त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं शेवटचं पेर नाही, तो हात त्यांनी माझ्यापुढे धरला.

"या मिलनं हे घेतलं, तवा मी हिला शिवी नाय दिली. आन् मी बॅच नासवीन? मुद्दाम?"

मी म्हणालो की मला भावना नकोत, शीट बघा.

"शीट तुम्ही बघा," ते म्हणाले. "माझं तोंड नका बघू आजपासून." आणि डबा उचलून ते गेटबाहेर चहाच्या टपरीकडे गेले. त्यांच्यामागून एकेक करून सगळेच गेले. मी एकटा शॉपमध्ये जेवलो. भेंडीची भाजी होती, तिची काय चूक, पण निम्मी तशीच डब्यात राहिली.

बातमी मालकांपर्यंत पोचायला चहा संपायचाही वेळ लागला नाही. त्यांनी बोलावून सांगितलं की बॅच का नासतात ते लेखी द्या. मालात दोष असेल तर तसं लिहा, माणसात असेल तर तसं. "मिलवाल्याला ठेवायचं की नाही, ते मी तुमचा कागद बघून ठरवीन."

म्हणजे साडूंची दोन वर्षं आता माझ्या कागदावर होती. आणि दोन वर्षं म्हणजे नुसती नोकरी नव्हे. रविवारीसुद्धा हा माणूस घरात बसत नाही, गोदावरीच्या काठाने भाजीबाजारापर्यंत तीन फेऱ्या मारून येतो. मेहुणीच माझ्या बायकोला म्हणाली होती, की बॅच नासवल्याचं नाव घेऊन घरी आले तर हे पुन्हा बाहेर तोंड दाखवणार नाहीत.

मध्ये दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते. मिलला झेंडूचा हार, रोलवर कुंकवाची बोटं, आणि नारळ फोडायचा मान सगळ्यांत जुन्या माणसाचा, म्हणजे साडूंचा. मालकांनी नारळ पुढे केला तर साडू हात मागे बांधून म्हणाले की साहेबांना फोडू द्या, मिल त्यांना जास्त कळते. मी नारळ आपटला. फुटला नाही. दुसऱ्यांदा आपटला, तो उडून प्रेसखाली गेला. मी गुडघ्यावर बसून तो शोधत असताना कोणी वाकलंही नाही. शेवटी हातोडीने फोडला. त्या दिवशी खोबऱ्याचा प्रसाद वाटायला मी कोणाच्या पुढे गेलो की त्याचा हात नेमका कशात तरी गुंतलेला असायचा.

संध्याकाळी सोनं द्यायला पंचवटीत साडूंकडे जाणं भाग होतं. दर वर्षी जातो, न जाणं म्हणजे जाहीर भांडण. बायको म्हणाली की जाऊ, तुम्ही फक्त बोलू नका. मी बोललो नाही. मेहुणीने पानं वाढली, सगळं होतं, पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी. पण आणखी घ्या असं एकदाही म्हणाली नाही. आमच्यात आग्रहाशिवाय वाढलेलं ताट म्हणजे निरोपाचं पत्र. मी एक पुरी खाऊन उठलो तरी कोणी "हे काय" म्हणालं नाही.

साडू आतल्या खोलीत होते. मी आपट्याची पानं घेऊन गेलो, पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले.

"सोनं तिथं टेबलावर ठेवा," ते म्हणाले. एवढंच.

परतताना बायको स्कूटरवर मागे बसली होती. द्वारकेच्या सिग्नलला तिने विचारलं, की दाजींनी मुद्दाम केलं याची खात्री आहे का. मी म्हणालो, आहे. तिने विचारलं, किती. मी म्हणालो, पूर्ण. सिग्नल सुटला. सिडकोतल्या घरात शिरल्याबरोबर ती आपल्या माहेरच्या माणसांचे फोटो पुसत बसली. दसऱ्याला सकाळीच पुसले होते.

मी कागद लिहायला घेतला. पहिला मसुदा चांगलाच जमला होता. "कर्मचाऱ्याची अनास्था" असा शब्दप्रयोग त्यात होता, तो मला फारच आवडला होता. मालकांना माल निर्दोष असल्याचं दाखवावं म्हणून मी एक सोपा प्रयोग जोडायचं ठरवलं. मध्यस्थाचं वैशिष्ट्य असं की पेट्रोलात तो साध्या रबरापेक्षा खूपच कमी फुगतो. दोन बरण्यांत पेट्रोल घेतलं, एकीत मध्यस्थाचा तुकडा टाकला, दुसरीत रोजच्या रबराचा, बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि कामाला लागलो. दिवस उतरताना येऊन बघतो तर मध्यस्थाचा तुकडा पाकातल्या गुलाबजामसारखा टम्म फुगलेला, आणि रोजचं रबर जवळजवळ होतं तसंच.

आधी वाटलं, चिठ्ठ्या उलट लागल्या. मग डबे उघडले. "मध्यस्थ" लिहिलेल्या झाकणाखालचा तुकडा नाकाशी नेला. धुराचा वास आला, शेकोटीसारखा.

मालाचं नाव डब्यावर नव्हतंच. मी ते झाकणावर लिहिलं होतं. दोन्ही डबे सारखे, दोन्ही झाकणं सारखी, आणि त्या पांढऱ्या दुपारी दोन्ही झाकणं धुऊन पुसून उलटी लावणारा माणूस एकच होता. तिन्ही बॅचमध्ये मी मध्यस्थ म्हणून साधं रबर तोलून दिलं होतं. रबर आणि माती तीन वेळा समोरासमोर आले, आणि त्यांच्यामध्ये कोणी नव्हतं. फटीचा काही संबंध नव्हता. साडूंनी पहिल्याच दिवशी, हातात घेऊन, मला हे सांगितलं होतं.

खरं सांगतो, मनात आधी काय आलं तर झाकणं गुपचूप बदलावीत. पुढची बॅच चांगली निघेल, कागदात "कारण अस्पष्ट" लिहावं, सगळं निवळेल. मग लक्षात आलं की कारण अस्पष्ट म्हटलं की लोक माणसाचंच कारण धरतात, आणि माणूस मी आधीच बोट दाखवून नेमून दिला होता. कागद फाडला. अनास्थेचा तो छान शब्दही गेला. मालकांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, मी सगळं सांगितलं. दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या.

मालकांनी मला जे ऐकवलं त्यातलं निम्मं लिहिण्यासारखं नाही. उरलेल्या निम्म्यात त्यांनी माझा डिप्लोमा कुठल्या कॉलेजचा ते विचारलं, आणि डब्यावर नाव लिहायची अक्कल त्यांच्या घरी लोणचं घालणाऱ्या बाईंनाही आहे, असं कळवलं. मी मान हलवत राहिलो. शेवटी म्हणाले की मिलवाल्याची दोन वर्षं पक्की, पण केलेलं माझं मला निस्तरावं लागेल.

दुसऱ्या दिवशी खरा मध्यस्थ तोलून दिला. साडूंनी वास घेतला. माझ्याकडे एकदा नीट बघितलं. माल मिलवर चढला तो रोलला चिकटायला लागला, साडू सुरीने सोडवत, दुमडत, पुन्हा घालत राहिले, नेहमीपेक्षा दुप्पट वेळ. शीट निघाली ती गुळगुळीत, उजेडात धरली तरी ठिपका नाही. पडदे पंपावर चढवले. संध्याकाळपर्यंत चालले, दुसऱ्या दिवशीही चालले. तिसऱ्या दिवशी मालकांनी साडूंना दोन वर्षांचं पत्र दिलं.

मला वाटलं, आता मिटलं. मी मिलपाशी जाऊन म्हणालो की अभिनंदन, बॅच फार सुरेख निघाली. प्रेसवरचे दोघे एकमेकांकडे बघून तोंडातल्या तोंडात हसले. त्यांतला एक म्हणाला की पत्र मिळायचं म्हटल्यावर हात आपोआप चालतो.

साडूंनी ते ऐकलं. मीही ऐकलं. साडू सुरी पुसत होते.

"बघा साहेब," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. "आता ही चांगली निघाली, म्हंजे आदल्या तीन मीच नासवल्या. असंच ना?"

मी म्हणालो की तसं नाही, मालकांना सगळं माहीत आहे. त्यांनी मिल सुरू केली. त्या आवाजात पुढचं काही ऐकू जाण्यासारखं नव्हतं, आणि मीही ते मोठ्याने म्हणालो नाही.

घरी येऊन मी बायकोला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. झाकणं, पेट्रोल, बरण्या, फाडलेला कागद, मालकांच्या शिव्या. शिव्या थोड्या वाढवूनच सांगितल्या, म्हणजे माझ्या खरेपणाची किंमत तिला कळावी. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं की हे दाजींना सांगितलंत का. मी म्हणालो, वेळ आली नाही. शॉपमधल्या लोकांना? मी म्हणालो, त्यांना कशाला, नोकरीचा निर्णय मालकांचा, तो झाला.

तिने जुडीचा दोरा सोडून बाजूला ठेवला.

"आळ घेतलात मिलपाशी, चारचौघांत, आणि कबुली दिलीत केबिनमध्ये," ती म्हणाली. "आता ताईचा फोन आला तर काय सांगू तिला? हे खरं बोलतात, पण दार लावून?"